कॉमिकसाठी बाल-जीनियस सुपरव्हिलन कसा घडवायचा: वय ठरवण्यापासून शेवटच्या पॅनेलपर्यंत

सुपरहिरो कॉमिक लिहायला घेतलेल्या जवळपास प्रत्येकाच्या डोक्यात कधी ना कधी हा व्हिलन येतोच. वय आठ-दहा, डोकं अफाट, आणि अख्खं शहर मुठीत. आयडिया भारी आहे, पण कागदावर उतरवताना बहुतेक वेळा एकच घोळ होतो, मूल फक्त उंचीपुरतं मूल राहतं. बोलतं प्रोफेसरसारखं, धमक्या देतं माफिया डॉनसारख्या, आणि त्याच्या जागी चाळीस वर्षांचा माणूस उभा केला तरी कथेतलं एक वाक्यही बदलावं लागत नाही. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये हेच झालं होतं. नऊ वर्षांच्या भाचीला वाचायला दिली, तिनं शांतपणे शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, ‘हा मुलगा खेळत का नाही?’ त्या एका प्रश्नानं मी सगळं परत पहिल्यापासून लिहायला घेतलं, आणि तेव्हापासून जे शिकलो ते इथे क्रमाने सांगतोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की डोक्यात बसवा. जीनियस असल्यामुळे तुमचा व्हिलन काय करू शकतो ते ठरतं, पण तो ते का करतो आणि कुठे फसतो ते मूल असल्यामुळे ठरतं. खालच्या प्रत्येक पायरीला ह्याच दोन गोष्टी परत परत तपासायच्या आहेत. आणि नुसतं सांगून उपयोग नाही म्हणून आपण एक कॅरेक्टर शून्यापासून बनवत जाऊ, तुम्ही शेजारी तुमचं बनवत जा.

पायरी १: वय आकड्यात ठरवा

‘लहान मुलगा’ असं मोघम लिहून पुढे जायचं नाही. आठ, दहा, बारा आणि पंधरा हे चार वेगळे व्हिलन आहेत. पंधरा-सोळाच्या पोराला स्वतःची मतं असतात आणि ती ऐकायला गर्दी हवी असते. मार्व्हल ह्या अमेरिकन कॉमिक कंपनीचा क्वेंटिन क्वायर बघा, २००३ च्या कथेत तो झेवियरच्या, म्हणजे एक्स-मेन हिरोंच्या, शाळेत दंगल घडवतो, अंगात टी-शर्ट ‘मॅग्नेटो बरोबर होता’ असं छापलेला, म्हणजे त्याला नुसतं जिंकायचं नाहीये, मोठ्यांच्या नाकावर टिच्चून त्यांच्या शत्रूची बाजू घ्यायची आहे, आणि ह्या सगळ्याच्या आधी आपण दत्तक आहोत हे त्याला कळलेलं असतं. २०११ मध्ये आलेला केड किलगोर १२ वर्षांचा, तो हेलफायर क्लब, म्हणजे श्रीमंत, ताकदवान व्हिलनांचा गट, ताब्यात घेतो, त्याला मोठ्यांची खुर्चीच हवी असते. दुसरी मोठी कंपनी डीसी, तिचा डेमियन वेन, म्हणजे बॅटमॅनचा मुलगा, २००६ मध्ये आला तेव्हा दहाच्या आसपासचा, मारेकऱ्यांच्या संघटनेत वाढलेला, आणि त्याला बापाच्या शेजारची जागा हवी असते म्हणून तो बापाच्या साथीदारावर, आधीच्या रॉबिनवरच हल्ला करतो. चौघांपैकी आठ वर्षांचा मात्र कॉमिकमध्ये फार कमी लिहिला गेलाय, आणि मला तर तोच सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो, का ते सांगतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांना दोन छोट्या गोष्टी सांगायचा, १९३२ च्या त्याच्या पुस्तकात त्या आहेत. पहिल्या गोष्टीत एका मुलाला जेवायला बोलावतात, तो दार ढकलतो, दारामागे खुर्चीवर ट्रे आणि ट्रेमध्ये १५ कप, त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नसतं, सगळे कप फुटतात. दुसऱ्या गोष्टीत आई घरी नसताना एक मुलगा कपाटातला जॅम चोरून काढायला जातो आणि त्या धडपडीत १ कप फुटतो. मग प्रश्न, जास्त चूक कुणाची? लहान मुलं म्हणायची १५ कपवाल्याची, कारण नुकसान जास्त. थोडी मोठी मुलं म्हणायची जॅमवाल्याची, कारण त्याच्या मनातच खोट होती. हा बदल साधारण सात ते दहा वर्षांच्या दरम्यान होतो.

आता हेच कप उचलून सुपरहिरोंच्या शहरात नेऊन ठेवा. चोर बँकेतून एक पिशवी पळवतो. हिरो त्याच्या मागे लागतो आणि त्याला पकडेपर्यंत दोन बिल्डिंगचे कोपरे पडतात, एक पूल वाकतो, रस्त्यावरच्या गाड्या चेपतात. चोराचा १ कप, हिरोचे १५. आणि गर्दी टाळ्या कुणासाठी वाजवते? हिरोसाठी! आठ वर्षांच्या, हिशोबात पक्क्या असलेल्या पोरीला ह्यात गुन्हेगार कोण वाटेल? झाला ना व्हिलन तयार, आणि गंमत म्हणजे तिचं गणित बरोबर आहे.

आपल्या कॅरेक्टरचं वय आठ, मुलगी, टोपणनाव ‘मॉनिटर’. वर्गात बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिते ती मॉनिटर. ती शहरातल्या हिरोंची नावं लिहिते, आणि नावापुढे त्यांनी काय काय फोडलं त्याचा आकडा.

पायरी २: जीनियस कशात, आणि कशात नाही

‘आयक्यू २००’ असं कॅप्शनमध्ये टाकून काही साध्य होत नाही, वाचकाला त्यातून काहीच दिसत नाही. सगळ्यातच हुशार असलेलं पात्र लिहायला सोपं पण वाचायला कंटाळवाणं, कारण त्याला कुठेच अडचण येत नाही. खरी तल्लख मुलं अशी सपाट नसतातही. अमेरिकेतल्या कोलंबस ग्रुपने १९९१ मध्ये अशा मुलांची व्याख्या मांडली तिचा गाभाच हा होता की त्यांची वाढ एका लयीत होत नाही, बुद्धी कुठल्या कुठे पुढे गेलेली आणि भावना वयाच्याच जागी. त्याच्या कितीतरी आधी लेटा हॉलिंगवर्थ ह्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेच लिहून ठेवलं होतं, मोठ्यांची बुद्धी आणि लहान मुलाच्या भावना एकाच छोट्या शरीरात आल्या की अडचणी येणारच.

मग करायचं काय, तर वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात जे तुमच्या व्हिलनला मोठ्या तज्ज्ञांपेक्षा जास्त येतं. दुसऱ्यात जे त्याला अगदी वयाप्रमाणे येतं. तिसऱ्यात जे वयापेक्षाही मागे आहे. पहिल्या रकान्यात दोनपेक्षा जास्त गोष्टी आल्या तर खोडा. मॉनिटरचं असं आहे: इमारती आणि पूल कशावर उभे राहतात, कुठला भार कुठून खाली जातो हे तिला नजरेनं दिसतं, आणि यंत्रं बनवता येतात. न्याय-अन्याय, रुसवा-फुगवा, हार मानणं हे सगळं आठ वर्षांचंच. आणि बुटाची नाडी तिला अजून नीट बांधता येत नाही, शिवाय मोठा आवाज झाला की ती दोन्ही कान दाबून खाली बसते. तिसरा रकाना लोक रिकामा सोडतात, पण कथेतले सगळ्यात चांगले पॅनेल, म्हणजे चित्रांच्या चौकटी, मला तिथूनच मिळालेत. नाडी सुटलेली मुलगी पूल पाडायला निघाली आहे हे चित्र एकदा डोळ्यासमोर आणा.

पायरी ३: राग कशाचा आहे

इथे सगळे ‘आईवडील वारले’ कडे धावतात. कृपया नको. मुलाच्या आयुष्यातली मोठी जखम बाहेरून बघणाऱ्याला बऱ्याचदा अगदी क्षुल्लक दिसते, आणि ती क्षुल्लक दिसते हीच त्या मुलाची खरी तक्रार असते.

ह्यातलं जुनं आणि उत्तम उदाहरण म्हणजे सुपरमॅनचा कट्टर शत्रू लेक्स ल्यूथर. तो पात्र म्हणून १९४० पासूनचा, पण त्याचं लहानपण नीट आलं १९६० मध्ये, ‘अ‍ॅडव्हेंचर कॉमिक्स’च्या २७१ व्या अंकात. स्मॉलव्हिल गावातला हुशार पोरगा, सुपरबॉयचा, म्हणजे लहानपणीच्या सुपरमॅनचा चाहता. सुपरबॉय त्याला लॅब बांधून देतो, लेक्स प्रयोग करून चक्क एक सजीव तयार करतो, सुपरबॉयला घातक असलेल्या क्रिप्टोनाइट दगडावर उताराही शोधतो, आणि मग लॅबला आग लागते. सुपरबॉय बाहेरून फुंकर मारून आग विझवतो, त्यात रसायनं सांडतात, तो सजीव नष्ट होतो, उतारा जातो आणि लेक्सचे केस गळतात. लोक केसांवरून हसतात, ‘टक्कल पडलं म्हणून व्हिलन झाला’ म्हणतात, पण मला ती कथा अजिबात हसण्यासारखी वाटत नाही. स्वतःच्या हाताने बनवलेली आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट एका फुंकरीत गेली, आणि ज्याने फुंकर मारली तो त्याचा लाडका मित्र होता, मग मुलाच्या मनात एकच येतं, ह्याने मुद्दाम केलं, हा माझ्यावर जळतो. मोठा माणूस दुसऱ्या दिवशी शांत झाला असता. मूल नाही होत.

तर तुमच्या व्हिलनसाठी एक वस्तू शोधा. वस्तूच हवी, ‘प्रेम मिळालं नाही’ वगैरे नाही. ती तुटते, आणि तुटल्यावर मोठी माणसं एक चुकीचं वाक्य बोलतात. मॉनिटरने सहा महिने खपून काड्यापेटीच्या काड्यांचा पूल बनवलेला असतो, खिडकीत ठेवलेला. हिरो एका बसला वाचवायला खिडकीवरून सुसाट जातो, काच फुटते, पुलाचा भुगा. बसमधले सगळे वाचतात. घरातले टीव्हीसमोर टाळ्या वाजवत असतात आणि ती भुगा ओंजळीत घेऊन उभी असते, तर कुणीतरी म्हणतं, ‘अगं लोकांचे जीव वाचले, काड्यांचं काय घेऊन बसलीस?’ त्या दिवसापासून ती मोजायला लागते. तिला शहर नकोय, पैसा नकोय. तिला फक्त ‘सॉरी’ हवंय, आणि ते मागता येत नाहीये.

पायरी ४: झोप, उंची, पैसा

ही पायरी रटाळ वाटेल पण वगळू नका, पात्र खरं वाटायला लागतं ते इथूनच. सहा ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते. म्हणजे रात्री दोन वाजता कंट्रोल रूममध्ये बसून हसणारा व्हिलन तुम्हाला मिळणार नाही. माझ्या स्क्रिप्टमध्ये हिरो पहिल्यांदा अड्ड्यावर पोचतो तेव्हा ती खुर्चीत पाय वर घेऊन गाढ झोपलेली आहे, सगळे स्क्रीन चालू आहेत, आणि हिरोला कळत नाही की आता काय करावं. ते पान मला झोपेच्या आकड्यानं दिलं.

आठ वर्षांचं मूल सव्वाशे सेंटिमीटरच्या थोडंसं वर असतं. मग वरचा स्विच तिला कसा पुरतो? स्टूल. तो स्टूल पहिल्याच पानावर दाखवा, शेवटी लागणार आहे. सामान कोण आणतं, गाडी कोण चालवतं, शाळेत हजेरी कोण लावतं, ह्या प्रत्येक प्रश्नाला एक ओळीचं उत्तर लिहून ठेवा. केड किलगोरसारख्या श्रीमंत वारसदाराला हे प्रश्न पडत नाहीत, त्याच्याकडे शस्त्रांचा धंदाच असतो, आणि म्हणून तो लिहायला सोपा जातो. पण पैसा नसलेलं मूल जास्त कल्पक असतं. मॉनिटर हिरोंनी फोडलेल्या गोष्टींच्याच मलब्यातून यंत्रं बनवते, म्हणजे पुरावा आणि कच्चा माल एकच.

घरातल्या मोठ्यांना मूर्ख दाखवू नका. त्यांना काही माहीत नसतं ह्याचं साधं कारण द्या, ते दमलेले असतात, आणि पोरगी शांत बसून काहीतरी करतेय म्हटल्यावर कुठला पालक उठून बघायला जातो?

पायरी ५: चित्र

हे चित्रकारासाठी, पण लेखकानेही स्क्रिप्टमध्ये लिहावं. सुपरहिरो त्याच्या डोक्याच्या आठपट किंवा त्याहून जास्त उंच काढतात, साधा मोठा माणूस साडेसातपट. आठ वर्षांचं मूल सहापटीच्या आसपास, खांदे अरुंद, मान बारीक. मोठ्याचंच शरीर छोटं करून काढलं की ते बुटकं दिसतं, मूल दिसत नाही. लहान मुलं मुलांसारखी कशी काढायची हे शिकायचं तर जून ब्रिगमनने १९८४ पासून काढलेली ‘पॉवर पॅक’ची भावंडं बघा, त्यांच्या उभं राहण्यातसुद्धा बालपण आहे, पाय आत वळलेले, पोट पुढे.

दात विसरू नका. आठव्या वर्षी पुढचे दोन कायमचे दात आलेले असतात आणि तोंडाच्या मानाने मोठे दिसतात, बाजूला एखादी खिंड. एवढा एक डिटेल नीट आला तर क्लोजअपमध्ये वय सांगायला कॅप्शन लागत नाही.

कॉस्च्यूम तिने स्वतः घरातल्या वस्तूंपासून केलाय असा वाटायला हवा. पण दुरून ओळखता यायला एक ठळक आकार द्या. जॅक कर्बीच्या १९७३ च्या क्लॅरियन ह्या जादूगार पोराला बघा, केसांची दोन टोकं शिंगांसारखी वर, सोबत मांजर, बस, सावलीवरूनही ओळखू येतो. मॉनिटरच्या छातीवर बिल्ला आहे, आणि खांद्यावर तिच्याएवढी लांब फूटपट्टी.

पायरी ६: बोलणं

ह्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. चूक कशी दिसते ते आधी दाखवतो:

‘मूर्ख प्राण्यांनो! तुमच्या क्षुद्र मेंदूंना माझ्या योजनेची व्याप्ती कधीच आकलन होणार नाही!’

हे कोण बोलतंय? कुणीही असू शकतं. आता हेच मॉनिटरच्या तोंडी:

‘तुम्ही मंगळवारी तो पूल वाकवला. मी बघितलं. मग बुधवारी परत वाकवला. आणि तुम्ही कुणालाच सॉरी म्हणाला नाहीत. मी थांबले होते, खूप वेळ थांबले होते.’

वाक्यं छोटी, पुराव्यानिशी, तारीखवार. मुलांची स्मरणशक्ती अन्यायाच्या बाबतीत भयंकर असते, ‘तुम्हीच म्हणाला होतात ना’ हे त्यांचं सगळ्यात धारदार हत्यार. तांत्रिक गोष्ट बोलताना मात्र ती सहज, कसलाही आव न आणता बोलते, कारण तिला ते अवघड वाटतच नाही. ‘तो खांब काढला की डावीकडचं सगळं खाली येतं, दिसत नाही का?’ हुशारी दाखवायची ती अशी. आणि सौदे करायला लावा, ‘पाच मिनिटं’, ‘शेवटचं एकदा’, ‘आधी प्रॉमिस करा’, ‘चिटिंग आहे ही’. कट्टी हा शब्द एकदाच वापरा, अगदी गंभीर जागी, परिणाम बघा.

एका पॅनेलमध्ये तीसेक शब्दांच्या वर जाऊ नका. लेखकाला आपल्या जीनियसची बुद्धी भाषणातून दाखवायची हौस असते आणि बलून, म्हणजे संवादाचे फुगे, चित्रावर चढतात. बुद्धी यंत्रातून दिसू दे.

पायरी ७: प्लॅन म्हणजे खेळ, फक्त शहराएवढा

मोठा व्हिलन सत्ता, पैसा, सूड असा विचार करतो. मूल ज्या गोष्टी ओळखतं त्याच मोठ्या करतं, म्हणजे खेळ आणि शिक्षा. लपाछपी, पकडापकडी, कोपऱ्यात उभं करणं, वस्तू काढून घेणं. ह्यातली एक निवडा आणि शहराच्या आकाराची करा. मॉनिटरचं यंत्र ‘स्टॅच्यू’ करतं. ज्या हिरोचा आकडा १५ च्या वर गेला, त्याला ती ‘स्टॅच्यू’ म्हणते आणि तो जागच्या जागी थिजतो, उडताना असेल तर हवेत, धावताना असेल तर एक पाय वर. तिने ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत. शिक्षा संध्याकाळपर्यंत, कारण तिच्या मते शिक्षेलाही वेळ असतो.

प्लॅनला नियम असलेच पाहिजेत आणि व्हिलनने ते स्वतः काटेकोर पाळले पाहिजेत. आठ वर्षांच्या मुलासाठी नियम पवित्र असतो. १४ आकडा असलेल्या हिरोला ती हात लावत नाही, तो समोर उभा राहून तिला शिव्या देत असला तरी. ह्यामुळे दोन फायदे होतात. एक तर वाचक तिला मान द्यायला लागतो. दुसरं म्हणजे तिला कुठे अडकवायचं ते तुम्हाला कळतं, तिच्याच नियमात.

प्लॅनमधलं भोक वयातून येऊ दे, बुद्धीतून नाही. ‘तिचं गणित चुकलं’ असं केलंत तर सगळं ओमफस. तिचं गणित कधीच चुकत नाही. तिला एवढंच सुचलेलं नसतं की हिरो थिजले की खऱ्या संकटात धावून कोण येणार, कारण तिने फुटलेल्या गोष्टी मोजल्या, न फुटलेल्या कधी मोजल्याच नाहीत.

पायरी ८: हिरोचा पेच

समोर आठ वर्षांची मुलगी आहे. हिरो तिला मारू शकत नाही. म्हणजे नेहमीचा क्लायमॅक्स गेला, आणि हीच ह्या प्रकाराची खरी ताकद आहे. मुलाला ठोसा मारणारा हिरो वाचकाच्या मनातून कायमचा उतरतो. १९८८ मध्ये मिरॅकलमॅनच्या १५ व्या अंकात लंडन उद्ध्वस्त करणारा महाभयंकर शत्रू शेवटी परत १३ वर्षांच्या जॉनी बेट्सच्या शरीरात येतो, रडवेला, घाबरलेला, आणि नायक त्या मुलाला मारून टाकतो. ते पान वाचून झाल्यावर कुणीच जिंकलं असं वाटत नाही. तो परिणाम तिथे मुद्दाम साधलाय, आणि तुम्हाला तसं काही साधायचं नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

मग हिरोला काय काय करता येईल? धाक दाखवणं, फसवणं, समजावणं, घरच्यांना बोलावणं, यंत्र मोडणं. हे सगळं एकेक करून करायला लावा आणि प्रत्येक उपाय उलटवा. धाक दाखवला तर ती रडते आणि हिरोलाच लाज वाटते. खोटं प्रॉमिस दिलं तर ती ते लक्षात ठेवते. यंत्र मोडलं तर? आणखी एक कप फुटला, आकडा वाढला! शेवटी हिरोच्या हातात तिचं म्हणणं खरंच ऐकून घेण्याशिवाय काही उरत नाही. हिरोकडेही काहीतरी चूक असायलाच हवी. निर्दोष हिरोसमोर बाल-व्हिलन म्हणजे नुसतं कार्टं, आणि मग कथा शिस्त लावण्याची होऊन बसते.

पायरी ९: पानं वाटून घ्या

२० पानांचा अंक धरा. मी असे वाटले होते. पान १, फळा, खडू, स्टूल, हात, चेहरा नाही. पान २ ते ५, हिरोची धडाकेबाज चोरपकड, वाचकालाही मजा आली पाहिजे, आणि पार्श्वभूमीत काय काय फुटतंय ते चित्रकाराने प्रामाणिकपणे काढायचं, शब्दात काही नाही. पान ६ ला शहरातल्या सगळ्या मोठ्या स्क्रीनवर हिरोचं नाव आणि आकडा. ७ ते १० शोध, दरम्यान दोन हिरो स्टॅच्यू. ११ वर झोपलेली मुलगी. १२ ते १४ बोलणं, काड्यांचा पूल इथे, फ्लॅशबॅक एका पानाच्या वर नाही. १५ ला क्रेन कोसळायला लागते आणि सगळे हिरो थिजलेले.

इथे थांबून नीट बघू, कारण १६ ते १९ ही चार पानं म्हणजे अख्खा अंक. संध्याकाळ झालेली नाही, शिक्षा संपलेली नाही, नियम म्हणतो ‘ओव्हर’ म्हणता येणार नाही. पण खाली माणसं आहेत. ती नियम मोडत नाही, ती स्वतःच यंत्र घेऊन क्रेन अडवायला जाते. भाराचं गणित करते, अचूक करते, क्रेन थांबते, माणसं वाचतात, पण सगळा भार शेजारच्या रिकाम्या बिल्डिंगवर जातो आणि ती बिल्डिंग कोसळते. मोठा आवाज होतो. ती कान दाबून धुळीत बसलेली. कुणीतरी टाळ्या वाजवतं. त्या टाळ्यांचा पॅनेल मोठा ठेवा, कारण तिला त्या क्षणी कळतं की खिडकीवरून गेलेल्या त्या माणसाला काय वाटलं असेल, आणि हे कुणीही बोलून दाखवायचं नाही, ना कॅप्शन, ना विचारांचा बलून.

पान १९, ती अड्ड्यावर परत येते, स्टूल ओढते, वर चढते, फळ्यावर स्वतःचं नाव लिहिते. पुढे आकडा, सगळ्यात मोठा. मग खाली उतरून भिंतीकडे तोंड करते आणि स्वतःलाच म्हणते, ‘स्टॅच्यू’. पान २०, संध्याकाळ, सुटलेला हिरो दारात. जवळ येऊन गुडघ्यावर बसतो. एक बलून, ‘तुझा पूल मी तोडला. सॉरी.’ बराच रिकामा पॅनेल. मग छोटा बलून, ‘ओव्हर.’

एकेकाळी असा शेवट छापणं अवघड गेलं असतं. १९५४ च्या कॉमिक्स कोडमध्ये, म्हणजे अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवरच घालून घेतलेल्या नियमांत, स्पष्ट होतं की गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटता कामा नये आणि दर वेळी त्याला शिक्षा व्हायलाच हवी. मार्व्हलने तो कोड २००१ मध्ये सोडला आणि डीसीने २०११ मध्ये, आता तुमच्यावर ते बंधन नाही.

पायरी १०: पुढच्या अंकांत तिचं काय

दोन प्रश्न येतात. पहिला कायद्याचा. आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या व्हिलनांच्या तुरुंगात टाकलेलं दाखवू नका, पटत नाही आणि बरंही नाही. इंग्लंडमध्ये गुन्ह्याची जबाबदारी १० व्या वर्षापासून धरतात, संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१९ मध्ये हे वय किमान १४ असावं असं सुचवलं, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत किमान वय ठरलेलंच नाही. तुमचं शहर कुठे आहे ते बघा आणि त्याप्रमाणे लिहा. तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, तिच्या डोक्याचा फायदा घ्यायला कोण टपलंय, इथेच पुढची सहा अंकांची कथा पडली आहे. विल्यम सिडिसची खरी हकिगत लक्षात ठेवा, १९०९ मध्ये ११ व्या वर्षी हार्वर्डमध्ये गेला, पुढच्या वर्षी तिथल्या गणितज्ञांसमोर चार मितींवर व्याख्यान दिलं, आणि मोठेपणी त्याला एवढंच हवं होतं की लोकांनी एकटं सोडावं. ते त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही, १९३७ मध्ये एका मासिकाने त्याला शोधून त्याच्यावर लिहिलं, तो कोर्टात गेला आणि हरला. चव्हाट्यावर आलेल्या तल्लख मुलाचं पुढे काय होतं हे लिहायचं असेल तर ह्याच्याइतकं बोलकं उदाहरण नाही.

दुसरा प्रश्न वय वाढण्याचा. कॉमिकमध्ये मुलं मोठी होत नाहीत, मार्व्हलच्या ‘फँटॅस्टिक फोर’मधला मुलगा फ्रँकलिन रिचर्ड्स १९६८ मध्ये जन्मला आणि कित्येक दशकं लहानच राहिला. पण मॉनिटरचा अख्खा डोलारा आठ वर्षांच्या न्यायबुद्धीवर उभा आहे, ती दहाची झाली की १५ कपांचं गणित तिला स्वतःलाच पटणार नाही. म्हणून ती दर वर्षी एका वर्षाने मोठी होईल असं आधीच ठरवून टाका, आणि प्रत्येक वाढदिवसाला तिच्या फळ्यावरचा एक नियम बदला.

सगळं झालं की स्क्रिप्ट एका खऱ्या मुलाला वाचायला द्या, शक्यतो व्हिलनच्याच वयाच्या. ‘आवडली का’ विचारू नका, मुलं तुमचं मन राखायला हो म्हणतात. ‘तू असतीस तर काय केलं असतंस’ विचारा, आणि मधे न बोलता ऐका. जिथे ते पटकन वेगळं उत्तर देतील तिथे तुम्ही मोठ्या माणसासारखं लिहिलंय असं समजून खूण करा. भाचीनं दुसरा खर्डा वाचला तेव्हा स्टॅच्यूवर तिचं काही म्हणणं नव्हतं, क्रेनवरही नाही. तिनं फक्त विचारलं, ‘मग तो काड्यांचा पूल परत कोण बांधणार, ती का तो?’ मी अंक दोनचं पहिलं पान त्याच रात्री लिहिलं. टेबलावर काड्यापेट्या, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला हिरो, आणि त्याच्या मोठ्या बोटांत एकही काडी नीट धरली जात नाहीये.